काटेरी कडियाळाच्या कैवाऱ्यांना

मुरबाड तालुका बैलांचा. मुरबाडहून कर्जतकडे निघालं की म्हसा लागतं. तिथे पौष पौर्णिमेला खांबलिंगेश्वराची यात्रा भरते, ती बैलबाजारासाठी नावाजलेली. नुसत्या चालीवरून बैलाचा दम ओळखणारी माणसं इकडे गावोगाव भेटतात. बैलाबाबत त्यांचा शब्द मी खाली पडू देणार नाही. घोड्याबाबत मात्र त्यांचा सल्ला मला साफ नामंजूर आहे. फार्महाऊसवर किंवा वरातीसाठी पाळलेलं तीन वर्षांचं शिंगरू लगामाला दाद देईना, की उत्तर ठरलेलं असतं: ‘तोंडाचं कडक आहे, काटेरी कडियाळ घाला.’

या सल्ल्यामागे वेसणीचा अनुभव आहे, आणि घोटाळाही तिथेच आहे. वेसण नाकाच्या पडद्यातून जाते. कासरा ओढला की बैल आवरतो. कडियाळ, म्हणजे लगामाची तोंडातली लोखंडी कांडी, बसते जिभेवर आणि पुढचे दात व दाढा यांच्यामधल्या मोकळ्या हिरडीवर. तिथे हाडावर पातळ कातडीखेरीज काही नसतं. तिथे सततचा दाब आला की घोडा मागे सरत नाही. मान ताठ करून दाबाच्या अंगावर जातो. स्वार आणखी खेचतो, घोडा आणखी रेटतो. या ओढाताणीत घोड्याच्या मानेपुढे माणसाचे दंड टिकत नाहीत. मग आपण म्हणतो, तोंड कडक.

‘काही जनावरं जन्मतःच तशी असतात,’ असं सांगितलं जातं. मला हे पटत नाही. अडीच ते पाच वर्षांच्या दरम्यान घोड्याचे दुधाचे दात आणि दाढा पडून नव्या येतात, आणि नेमक्या याच वयात आपण त्याच्या तोंडात लोखंड घालतो. काहींना पहिल्या दाढेच्या पुढे एक लहानसा निरुपयोगी दात असतो. त्याला कडियाळ लागलं की शिंगरू डोकं झटकतं. वरच्या दाढांच्या बाहेरच्या कडा धारदार होऊन गाल आतून सोलतात, त्या कानशीने घासाव्या लागतात. हे न पाहता त्याला हट्टी ठरवणं म्हणजे आळस झाला. दुसरा प्रकार महालक्ष्मीच्या किंवा पुण्याच्या रेसकोर्सवरून बाद होऊन आलेल्या घोड्याचा. लगाम ताणला की त्यावर भार टाकून पळायचं, हेच त्याच्या अंगवळणी पडलेलं असतं. फार्महाऊसवर नवा मालक थांबवण्यासाठी ताणतो आणि घोडा इमानाने वेग वाढवतो.

‘पण काट्याने घोडा थांबतो,’ हा त्यांचा सगळ्यात जड मुद्दा. थांबतो, हे मी नाकारत नाही. पहिले काही दिवस थांबतो. नंतर तो हनुवटी छातीशी ओढून कडियाळाच्या मागे दडायला शिकतो, नाही तर आभाळाकडे तोंड करतो. त्यावर जेरबंद, म्हणजे डोकं खाली धरून ठेवणारा पट्टा, आवळला की तो मागच्या पायांवर उभा राहतो. हिरडीला जखम होऊन हाड दुखावतं आणि त्या जागी हाडाची गाठ धरू शकते. शिवाय ओझ्याच्या आणि ओढकामाच्या जनावरांसाठीच्या 1965 च्या केंद्रीय नियमांत काटे किंवा गाठी असलेल्या कडियाळाला स्पष्ट मनाई आहे. एवढ्या वर्षांनंतरही वरातीच्या घोड्याचे ओठ उचलून पाहायला कोणी धजत नाही.

आता इतिहासाचा दाखला. मराठी स्वार कडक लगाम वापरत, म्हणून आम्हीही वापरू! अरे, त्या स्वाराच्या उजव्या हातात भाला होता. घोड्याला खेचून धरायला त्याच्याकडे दुसरा हात शिल्लकच नव्हता. लगाम कसाही असो, वाग, म्हणजे लगामाची हातातली दोरी, सैल असतानाच त्याचा घोडा वळायला हवा होता. ग्रीक झेनोफोनची साक्ष मात्र मी लपवणार नाही, कारण ती वरवर माझ्याविरुद्ध जाते. दोन हजार वर्षांहून जुन्या आपल्या अश्वशिक्षणाच्या पुस्तकात तो एक गुळगुळीत आणि एक खरखरीत अशी दोन कडियाळं ठेवायला सांगतो. पण घोड्याने मान छान उचलली की त्याच क्षणी वाग सोडा, हेही तोच सांगतो. आपल्याकडच्यांनी खरखर तेवढी उचलली.

सगळी विद्या त्या सोडण्यात आहे. आधी दात तपासून घ्यावेत. मग जाड, गुळगुळीत, मध्ये सांधा असलेलं साधं कडियाळ घालावं, आणि शिंगरू उभं असतानाच काम सुरू करावं. एकाच बाजूची वाग हलकेच धरायची. खेचायची नाही, झटकायची तर मुळीच नाही. नुसती धरून ठेवायची. शिंगरू आधी उलट ओढेल, डोकं हलवेल. हात तिथेच राहू द्यावा. मग केव्हा तरी त्याचा जबडा सुटेल, जीभ हलेल, नाक बोटभर आत येईल. तेवढ्यावर वाग पूर्ण सोडायची. एक क्षण उशीर झाला तर त्याला काय कळलं असेल, ते सांगता येत नाही. कारण घोडा दाबातून शिकत नाही, दाब सुटण्यातून शिकतो. दोन्ही बाजू हलक्या झाल्या की चालताना तेच, मग दुडकीत तेच. दौडीची घाई करू नये. रोज वीस-पंचवीस मिनिटं पुरतात. थकलेला घोडा पुन्हा कडियाळावर रेलू लागतो. चाबूकस्वाराला पैसे मोजणाऱ्या मालकाला हे संथ वाटतं, कारण त्याला रविवारी पाहुण्यांना फिरवून आणायचं असतं.

दुसऱ्या टोकाला शहरातले भूतदयावादी आहेत. त्यांना कडियाळच नको, त्याऐवजी नुसता नाकावरचा पट्टा हवा. त्यांची कळकळ खरी आहे, पण दाब न सोडणाऱ्या हातात तो पट्टाही नाकाडाच्या नाजूक हाडावर रुततोच. आणि माळशेजकडे जाणाऱ्या महामार्गावर मागून ट्रकचा हॉर्न वाजला, तर घोडा एका बोटाच्या इशाऱ्याला थांबला पाहिजे. हात शिकलेला असेल तर लगाम कोणता, यावर मी भांडणार नाही.

घोडा विकत घेताना म्हशाच्या बाजारातली रीत मात्र जरूर पाळावी. बैलाचे दात पाहिल्याशिवाय तिथे कोणी पैसे काढत नाही. घोड्याचंही कडियाळ काढायला लावावं, ओठ उचलून हिरडीवरून बोट फिरवावं. विकणारा नको म्हणाला, तर सौदा तिथेच मोडावा.