समुद्रावर जाताय? आधी तिथी बघा!



मार्च उजाडला की आमच्या बंगळूरच्या ऑफिसात एकच प्रश्न फिरू लागतो, "सुट्टीत कुठे?" इथे तलाव आहेत, बागा आहेत, हवाही बरी आहे. फक्त समुद्र नाही. मी मूळची बेळगावची. आमच्याकडे मे महिन्याची सुट्टी म्हणजे पहाटे डबे भरायचे, आंबोली घाट उतरायचा आणि दुपारपर्यंत खाऱ्या वाऱ्यात पोचायचं, हे ठरलेलंच. म्हणून आज माझे चार आवडते किनारे सांगणार आहे. पण त्याआधी एक गोष्ट सांगते, जी मी बरेच दिवस टाळत होते.

ती पौर्णिमेची दुपार

दोन वर्षांपूर्वी ताई, भाऊजी, माझा सहा वर्षांचा भाचा आणि मी एका किनाऱ्यावर गेलो होतो. खोली मिळेपर्यंत साडेबारा वाजले. पाणी मागे सरकत होतं, त्यामुळे आम्ही निर्धास्त होतो. भाचा लाटेच्या मागे धावत होता आणि मी त्याचा व्हिडिओ काढत होते. गुडघ्याएवढंच पाणी. एक लाट आली, तो पडला आणि पाणी त्याला घेऊन आत निघालं. मोबाईल हातात तसाच आणि माझे पाय जागच्या जागी. जवळच जाळं सोडवत बसलेले एक काका धावले आणि त्यांनी त्याला दंडाला धरून बाहेर काढलं. सगळं मिळून दहा सेकंदांचा प्रकार असेल.

घरी आल्यावर आजीने ओरडण्याआधी एकच प्रश्न विचारला, "त्या दिवशी तिथी काय होती गो?"

आजीचं माहेर शिरोड्याजवळचं. तिने बोटांवर हिशोब केला. "पौर्णिमा. पंधराची पाऊणपट सव्वाअकरा. म्हणजे उधाणाचं पाणी भरून परत फिरलं होतं. आणि तुम्ही पोराला त्याच्या मागे सोडलंत?"

आजीचा हिशोब

कोकणात हा हिशोब जुना आहे. तिथीचा आकडा घ्यायचा आणि त्याची पाऊणपट करायची. जे येईल, साधारण त्या वाजता भरती पूर्ण होते. एकादशी असेल तर अकराची पाऊणपट म्हणजे सव्वाआठ. त्यानंतर सुमारे सहा तासांनी ओहोटी आणि पुन्हा तेवढ्याच वेळाने दुसरी भरती. वद्य पक्षात पुन्हा एकपासून मोजायचं. भरतीची वेळ रोज साधारण पाऊण तासाने पुढे जाते, म्हणून हे गणित जमतं.

पौर्णिमा आणि अमावास्येला सूर्य-चंद्राची ओढ एका रेषेत येते, तेव्हा पाणी खूप चढतं आणि खूप उतरतं. हे उधाण. अष्टमीच्या सुमारास चढ-उतार कमी असतो, त्याला भांग म्हणतात. हा अर्थात अंदाज आहे. नेमकी वेळ मोबाईलवर भरती-ओहोटीच्या तक्त्यात बघा आणि किनाऱ्यावरच्या कोळ्यांना किंवा जीवरक्षकांना विचारा. अंदाज माहीत असला तर निदान विचारायचं सुचतं तरी!

आता चला किनाऱ्यांवर.

१. कारवार

बंगळूरकरांसाठी सगळ्यात सोपा. संध्याकाळी पंचगंगा एक्स्प्रेसमध्ये बसा, सकाळी कारवार. गावालगतच्या किनाऱ्याला रवींद्रनाथ टागोरांचं नाव आहे, कारण त्यांचे थोरले भाऊ सत्येंद्रनाथ इथे न्यायाधीश होते आणि विशीतले रवींद्रनाथ त्यांच्याकडे राहायला आले होते. 'प्रकृतीर प्रतिशोध' हे नाटक त्यांनी इथेच लिहिलं. किनाऱ्यावर 'चपळ' या नौदलाच्या निवृत्त युद्धनौकेचं संग्रहालय आहे, मुलं तिथे रमतात. काळी नदी इथे समुद्राला मिळते, त्यामुळे मुखाजवळ पाण्यात उतरू नका. आजी-आजोबा सोबत असतील तर माझं पहिलं मत कारवारलाच.

२. गोकर्ण

महाबळेश्वराचं दर्शन झालं की बहुतेक जण थेट ओम बीच गाठतात. वरून पाहिलं की खरंच ॐ दिसतो. पण तिथे खडक आहेत, त्यांवर शेवाळ असतं आणि फोटोसाठी चढणाऱ्यांचे पाय घसरतात. लहान मुलं असतील तर मला कुडले बीच बरा वाटतो. वाळू रुंद आहे आणि सूर्यास्त समोर. ओम बीच टेकडीवरून बघा, पाय कुडलेला भिजवा.

३. शिरोडा-वेळागर

हा आमच्या घरचा किनारा, त्यामुळे मी पक्षपाती आहे. सुरूच्या बनातून चालत गेलात की अचानक समुद्र उघडतो. १९३० साली इथल्या मिठागरांवर मिठाचा सत्याग्रह झाला होता. वि. स. खांडेकर १९२० ते १९३८ या काळात शिरोड्याच्या शाळेत शिक्षक होते. मे महिन्यात इथे रातांबे आणि फणस असतात आणि जेवणात सोलकढी. उधाणाच्या दिवसांत संध्याकाळी पाचच्या सुमारास ओहोटी असते, तेव्हा क्रिकेटला इतकी वाळू मिळते की बॉल हरवत नाही.

४. मालवण-तारकर्ली

किल्ला, मासे आणि पाण्यातले खेळ एकाच सहलीत हवे असतील तर इथे या. सिंधुदुर्ग किल्ल्याचं बांधकाम १६६४ साली सुरू झालं. चारही बाजूंनी खारं पाणी असूनही किल्ल्यात दूधबाव, दहीबाव आणि साखरबाव या गोड्या पाण्याच्या विहिरी आहेत. देवबागला कर्ली नदी समुद्राला मिळते. संगम बघायला सुंदर, पोहायला धोक्याचा. मेच्या शेवटी पावसाळ्यासाठी होड्या आणि पाण्यातले खेळ बंद होतात, म्हणून बेत त्याआधीचा करा. आणि हो, ज्या कॅलेंडरवर आपण तिथी बघतो, ते 'कालनिर्णय' १९७३ साली सुरू करणारे जयंतराव साळगावकर मूळचे मालवणचेच!

पाण्यात उतरण्यापूर्वी

डिसेंबर २०२४ मध्ये मुरुडेश्वरला शाळेच्या सहलीला आलेल्या कोलार जिल्ह्यातल्या चार मुली बुडाल्या. ती बातमी वाचली त्या रात्री मला झोप लागली नाही. म्हणून एवढं नक्की लक्षात ठेवा:

• लाटा फुटत असताना मध्येच एखादा पट्टा शांत, गडद दिसतो. तिथूनच पाणी परत आत जात असतं. तो पट्टा टाळा.

• ओढीत सापडलात तर सरळ किनाऱ्याकडे झगडू नका, दम संपतो. अंग सैल सोडून तरंगा, हात वर करून मदत मागा. पोहता येत असेल तर किनाऱ्याला समांतर पोहत बाजूला व्हा.

• कुणी बुडताना दिसलं तर लगेच मागे उडी मारू नका. दोर किंवा बंद केलेला रिकामा पाण्याचा कॅन फेका आणि जीवरक्षकाला बोलवा.

• मुलं पाण्यात असताना एका मोठ्या माणसाने मोबाईलशिवाय, हाताच्या अंतरावर उभं राहायचं. आमच्याकडे आता हे काम माझं आहे.

त्या दिवसाचा व्हिडिओ अजून माझ्या फोनमध्ये आहे. कुठे टाकलेला नाही, पण पुसलाही नाही. सहलीला निघण्याआधी मी तो एकदा बघते.

या मे महिन्यात आम्ही पुन्हा शिरोड्याला जातोय. भाचा आता आठ वर्षांचा आहे, पाऊणपट करायला आजीने त्याला शिकवलंय. परवा फोनवर त्याने बॅट घेऊ की बॉल, हे विचारलंच नाही. म्हणाला, "मावशी, आपण जाणार त्या दिवशी तिथी काय आहे?"