शर्यतीच्या कुत्र्याचा खुराक आणि ताकदीचे डबे

यात्रा-जत्रांचा हंगाम आला की आमच्याकडे येणाऱ्या कुत्र्यांत कारवान जातीची कुत्री वाढू लागतात. एरवी ही कुत्री माणदेशात मेंढरांच्या कळपामागे नाहीतर शेतातल्या वस्तीवर असतात. हंगामात मात्र ती शर्यतीची होतात. मोटारसायकलमागे दोरीला बांधलेला खोटा ससा पुढे ओढला जातो, मागून कुत्री सुटतात आणि अर्ध्या मिनिटात सारा निकाल लागतो. त्या अर्ध्या मिनिटासाठी मालक वर्षभर काय काय करतो, हे ज्याने पाहिले त्यालाच ठाऊक.

मागे सांगोल्याकडचा एक तरुण आपले कुत्रे घेऊन आला होता. कुत्रे देखणे, लांबट तोंडाचे, कंबरेत बारीक. तक्रार अशी की, निघताना जोरात निघते, पण शेवटच्या टप्प्यात दम सोडते. खुराक काय देतोस, असे विचारल्यावर त्याने पिशवीतून तीन डबे काढून टेबलावर मांडले. एक व्यायामशाळेतली मुले घेतात ती चॉकलेटच्या चवीची प्रथिनांची पावडर, दुसरे कॅल्शियमचे औषध, तिसरे यकृताचे टॉनिक. शिवाय सकाळी भिजवलेले बदाम आणि मूठभर बेदाणे. "डॉक्टर, स्वतःच्या पोराला देत नाही ते ह्याला देतो," तो म्हणाला. त्यात खोटे काही नसावे. घरी दोन लहान मुले होती, हे त्यानेच नंतर सांगितले.

कुत्र्याच्या हिरड्या पांढुरक्या पडल्या होत्या आणि कानांत गोचिडांची रांग होती. रक्त तपासले तेव्हा गोचीडताप निघाला. या रोगात रक्त कमी होते, कधी नाकातून रक्त येते आणि कुत्रे लवकर थकते. योग्य औषध वेळेवर सुरू झाले तर बहुतेक कुत्री बरी होतात. हेही झाले. पण तीन डबे संपेपर्यंत मूळ रोग आत वाढत राहिला होता. आज या विषयावर लिहिण्याचे कारण हेच. शर्यतीच्या कुत्र्यांना देण्यात येणाऱ्या बहुतेक ताकदीच्या पावडरी आणि टॉनिके निरुपयोगी आहेत, काही घातक आहेत, आणि त्यांचा सर्वांत मोठा अपाय असा की त्यांच्या भरवशावर खरा उपचार लांबतो, असे आमचे स्पष्ट मत आहे.

आपल्या भागात खुराक या शब्दाला मोठा मान आहे. तालमीतल्या पैलवानाला दूध, तूप, बदामाची थंडाई. शर्यतीच्या बैलाला पेंड, कणकेचे गोळे, अंडी. हीच पद्धत लोकांनी कुत्र्याला लावली. परंतु पैलवान तासन् तास मेहनत करतो आणि बैल रवंथ करणारे जनावर आहे. कुत्र्याचे पोट वेगळे, आतडे आखूड, आणि त्याच्या धावण्याचा हिशेबही वेगळा. ग्रेहाउंड जातीचे कुत्रे पाचशे मीटर अंतर सुमारे तीस सेकंदांत कापते. एवढ्या थोड्या वेळात स्नायूंत आधीच साठलेली साखर वापरली जाते. पंचवीस किलो वजनाच्या चपळ कुत्र्याला दिवसाला साधारण १३०० ते १५०० उष्मांक पुरतात. अलास्कात बर्फावर गाड्या ओढणाऱ्या कुत्र्यांना लांब पल्ल्याच्या शर्यतीत दिवसाला दहा हजारांच्या आसपास उष्मांक लागतात हे खरे, पण ती कुत्री दिवसेंदिवस धावत असतात. त्यांचा आहार वाचून आपल्या कारवानाला तूप पाजणे म्हणजे स्वादुपिंडाच्या सुजेला आमंत्रण.

ताकदीच्या औषधांनी वेग वाढतो का, याचा शोध परदेशात घेतला गेला आहे, आणि उत्तर गमतीचे आहे. अमेरिकेतील फ्लोरिडा विद्यापीठातील शास्त्रज्ञांनी शर्यतीच्या ग्रेहाउंडांना रोज एक ग्रॅम क जीवनसत्त्व दिले. २००२ साली प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासात कुत्री पाचशे मीटरला सुमारे ०.२ सेकंदाने मंदावली. (कुत्र्याचे शरीर क जीवनसत्त्व स्वतःच तयार करते. माणसासारखे त्याला लिंबू-आवळ्यावर अवलंबून राहावे लागत नाही.) त्याआधी २००१ मध्ये अन्नातील प्रथिने वाढवून आणि पिष्ट पदार्थ कमी करून पाहिले, तेव्हाही वेग किंचित कमीच झाला. २००५ सालच्या अभ्यासात कुत्र्यांना मनसोक्त खाऊ घालण्याऐवजी अन्न सुमारे पंधरा टक्के कमी केले, तर ती जोरात धावली. हे प्रयोग थोड्या कुत्र्यांवर झाले, तेव्हा त्यांना ब्रह्मवाक्य मानू नये. पण डबा घेतला की कुत्रे पळालेच, असे दुकानदार सांगतो त्याला यातून काही आधार मिळत नाही.

आता बेदाण्यांविषयी, कारण हा मजकूर वाचून वाचकांनी एकच गोष्ट लक्षात ठेवायची असेल तर ही ठेवावी. द्राक्षे, बेदाणे आणि मनुका कुत्र्याला विष आहेत. सांगली-तासगावचे बेदाणे घरोघरी असतात, आपल्या पंढरपूर भागातही द्राक्षबागा आहेत, आणि ताकदीचे म्हणून ते प्रेमाने कुत्र्यापुढे टाकले जातात. एखादे कुत्रे मूठभर खाऊन ठणठणीत राहते, दुसरे तेवढ्यानेच मूत्रपिंड निकामी होऊन दगावते. कोणाला किती बाधेल हे आधी सांगता येत नाही. पहिल्या दिवशी उलट्या होतात, कुत्रे सुस्त पडते, मग लघवी कमी होत जाते. लघवी थांबल्यावर आणलेले कुत्रे वाचवणे फार कठीण असते. असे का होते याचे कोडे अनेक वर्षे सुटत नव्हते. २०२१ साली अमेरिकेतील पशुवैद्यांनी द्राक्षांतील टार्टारिक आम्लाकडे बोट दाखवले. हेच आम्ल चिंचेतही भरपूर असते, तेव्हा चिंचही दूर ठेवावी. कुत्र्याने बेदाणे खाल्ल्याचे कळताच उलटी होण्याची वाट न पाहता दवाखाना गाठावा. पहिले एक-दोन तास फार मोलाचे असतात.

व्यायामशाळेतल्या पावडरीचेही तसेच. चॉकलेटमधील घटक आणि कॅफिन कुत्र्याच्या हृदयाला झेपत नाहीत. बिनसाखरेच्या काही पदार्थांत आणि पातळ औषधांत झायलिटॉल नावाचा गोडवा घालतात. माणसाला तो चालतो, पण कुत्र्याच्या रक्तातील साखर त्याने एकदम खाली येते आणि कुत्रे झटके देऊन कोसळते. डब्यावरची बारीक अक्षरे वाचायचा कंटाळा करू नये.

पिल्लांच्या बाबतीत कॅल्शियमचा अतिरेक सर्रास दिसतो. पिल्लाचे पाय लांब व्हावेत, हाडे भक्कम व्हावीत म्हणून दोन महिन्यांच्या पिल्लाला बाटलीच्या बाटल्या पाजतात. लहान पिल्लाला जास्तीचे कॅल्शियम आतड्यातून अडवता येत नाही. नेदरलँड्समधील उट्रेख्त येथे १९८०च्या दशकात ग्रेट डेन पिल्लांवर झालेल्या अभ्यासांत जादा कॅल्शियमने हाडांची वाढ बिघडल्याचे दिसून आले. म्हणजे ज्या पायांसाठी एवढा खटाटोप, तेच पाय वाकडे होतात. याच्या उलट चूकही होते. नुसते मांस आणि भाकरी खाणाऱ्या पिल्लाला कॅल्शियम खरोखरच कमी पडते. तेव्हा पूरक औषधांना आमचा सरसकट विरोध नाही. किती द्यायचे हे पिल्लाचे वजन, वय आणि बाकीचा आहार पाहून पशुवैद्याने ठरवावे, शेजारच्या वस्तीवरच्या मित्राने नव्हे.

परदेशात अजिलिटी नावाचा एक खेळ आहे. अडथळ्यांवरून उड्या, बोगदे, खांबांतून नागमोडी पळणे असे त्याचे स्वरूप. १९७८ साली लंडनच्या क्रफ्ट्स या श्वानप्रदर्शनात तो प्रथम दाखवला गेला. या खेळातल्या कुत्र्यांच्या सांध्यांसाठी म्हणून विकली जाणारी ग्लुकोसामीन आणि कॉन्ड्रॉइटिनची औषधे आता मोबाईलवरून मागवून आपल्याकडेही पोहोचतात. २०२२ साली कॅनडातील मॉन्ट्रियल विद्यापीठातील संशोधकांनी सांधेदुखीवरच्या अशा पूरक औषधांचे अनेक अभ्यास एकत्र तपासले. माशाच्या तेलातील ओमेगा-३ने दुखण्याला उतार पडल्याचे त्यांना आढळले. ग्लुकोसामीन-कॉन्ड्रॉइटिनचा परिणाम दिसला नाही, आणि ही जोडी यापुढे देऊ नये असे त्यांनी लिहिले. म्हातारे, लंगडणारे कुत्रे असेल तर माशाच्या तेलाचा विचार डॉक्टरांना विचारून करावा. धडधाकट दोन वर्षांच्या कुत्र्याला यातले काहीच नको.

मग द्यायचे काय? मंगळवेढ्याच्या ज्वारीची भाकरी वाईट नाही. पण भाकरी-दुधावर शर्यतीचे कुत्रे घडत नाही, त्याला प्रथिने आणि थोडी चरबी हवी. पंचवीस किलोच्या कुत्र्याला दिवसभरात मिळून दोन मध्यम भाकरी, दोन-तीन उकडलेली अंडी, पाव किलोच्या आसपास शिजवलेले बिनहाडाचे मांस आणि पचत असेल तर थोडे दूध किंवा दही, असा आहार पुरेसा होतो. अंडे उकडूनच द्यावे. शिजवलेली हाडे देऊ नयेत, त्यांचे अणकुचीदार तुकडे आतडे फाडतात. घरातल्या मटणाचा उरलेला रस्सा भाकरीवर ओतण्याची सवय फार आहे, पण कांदा-लसणाने कुत्र्याच्या रक्तातील तांबड्या पेशी फुटतात. त्याचे मांस आपल्या फोडणीआधीच बाजूला काढावे. बरगड्या हाताला सहज लागाव्यात, मात्र शेवटच्या दोन-तीनच डोळ्यांना दिसाव्यात. सगळा सांगाडा दिसत असेल तर आधी जंतांचे औषध आणि रक्ततपासणी, मग खुराकाची चर्चा. एका डब्याच्या किमतीत बहुतेक ठिकाणी या दोन्ही गोष्टी होऊन पैसे उरतात.

शर्यतीच्या आदल्या दिवशी इंजेक्शन मागायला येणाऱ्यांबद्दल लिहावे की नाही, असा विचार होता. पण लिहिलेच पाहिजे. स्टेरॉइड टोचले की कुत्र्याला दुखणे जाणवत नाही आणि ते दुखऱ्या पायावर पळते. माणसांच्या अंगदुखीच्या गोळ्यांनी कुत्र्याच्या पोटात व्रण पडतात आणि मूत्रपिंड बिघडते. जनावराला अपायकारक औषध जाणूनबुजून व विनाकारण देणे हा १९६०च्या प्राणिक्रूरता प्रतिबंधक कायद्याच्या कलम ११ खाली गुन्हा आहे. शर्यत भरवणाऱ्या मंडळींनी बक्षिसाच्या ढाली ठरवताना मैदानावर एक पशुवैद्य आणि पाण्याची टाकी यांचाही खर्च धरावा. आज कित्येक ठिकाणी मंडप असतो, ध्वनिक्षेपक असतो, आणि कुत्र्यांसाठी सावली नसते.

वास्तविक कारवान ही हलक्यात घेण्याजोगी जात नाही. मुधोळचे राजे मालोजीराव घोरपडे यांनी हिची जोपासना केली आणि इंग्लंडचे बादशहा पंचम जॉर्ज यांना या कुत्र्यांची भेट दिली. २००५ साली टपाल खात्याने मुधोळ कुत्र्याचे तिकीट काढले, पुढे भारतीय लष्करानेही ही कुत्री मेरठला प्रशिक्षणासाठी नेली. इतक्या पिढ्या ही जात कोरडवाहू मुलखात, वस्तीवरच्या अन्नावर टिकली, तेव्हा बाजारात एकही डबा नव्हता.

शेवटी उन्हाचे. कुत्र्याला आपल्यासारखा घाम येत नाही, ते जीभ बाहेर काढून धापा टाकते तेवढाच त्याचा गारवा. त्याचे नेहमीचे तापमान १०१ ते १०२.५ अंश फॅरनहाइट असते, आणि एका जोराच्या धावेनंतर ते १०६च्या आसपास जाऊ शकते. सोलापूरचा एप्रिल-मे सर्वांना ठाऊक आहे. दुपारी शर्यत असेल तर कुत्रे घरी ठेवावे. मोठे जेवण आदल्या संध्याकाळी द्यावे. कारवानाची छाती खोल असते, भरल्या पोटी पळवल्यास पोटाला पीळ पडण्याची भीती असते. धाव संपल्यावर सावलीत हळूहळू फिरवावे, पाणी थोडे थोडे पाजावे, अंगावर साधे पाणी ओतून वारा घालावा, आणि श्वास शांत झाल्यावर तास-दीड तासाने खायला द्यावे. धावेनंतर लघवी तांबूस किंवा तपकिरी झाली, कुत्रे अडखळू लागले किंवा हिरड्या लालभडक दिसल्या तर अंग ओले ठेवूनच थेट दवाखान्यात आणावे. मग बक्षीस समारंभ चालू असला तरी.