बाटली नव्हे, द्राक्ष पाहा



या खेपेचा प्रश्न एका द्राक्ष बागायतदाराच्या घरातून आला आहे. मुलगा-सून नवी मुंबईत नोकरीला आहेत. वाढदिवसाला मित्रमंडळी जमली की घरात वाइन येते. भारी बाटली खिशाला परवडत नाही, हलकी घ्यावी तर भीती वाटते. मग थोड्या पैशांत बरी वाइन ओळखावी कशी?

प्रश्न वाचून काहींच्या कपाळाला आठ्या पडतील. ज्यांच्या घरी हे चालत नाही, त्यांनी ते सुरू करावे असे मी मुळीच सुचवीत नाही. पण जो माल आपल्याच शिवारात पिकतो, त्याची पारख आपल्याला असलेली बरी.

वाइन म्हणजे द्राक्षाचा आंबवलेला रस. रसातील साखरेचे यीस्ट मद्यार्कात रूपांतर करते. साधारण 12 ते 14 टक्के मद्यार्क तयार होतो. 750 मिलीलिटरच्या एका बाटलीला सुमारे एक ते सव्वा किलो द्राक्षे लागतात. म्हणजे द्राक्षाची किंमत बाटलीत थोडीच असते. बाकीचे पैसे कारखान्याचा खर्च, काच, वाहतूक, कर, दुकानदार आणि जाहिरात यांत जातात. जड काच आणि सोनेरी लेबल यांचे पैसे मोजून चव वाढत नाही. नाव सोनूबाई, हाती कथलाचा वाळा, असे होऊ नये.

आता खरेदीच्या गोष्टी ध्यानात घ्या.

पहिली, आपल्याकडची वाइन पाहावी. परदेशी वाइनवर दीर्घकाळ 150 टक्के आयात शुल्क होते. उलट महाराष्ट्राने 2001 साली द्राक्ष प्रक्रिया धोरण आणून इथल्या वाइनला करसवलती दिल्या. त्यामुळे त्याच पैशांत इथला माल बहुधा सरस मिळतो.

दुसरी, कमी पैशांत ताजी, साधी वाइन घ्यावी. शेनिन ब्लांक किंवा सोव्हिनियाँ ब्लांक या जातींच्या पांढऱ्या वाइनला सहसा लाकडी पिंपात वर्षानुवर्षे ठेवावे लागत नाही. म्हणून त्या किंमत कमी असूनही चांगल्या निघतात. लेबलवर द्राक्षाची जात आणि हंगामाचे साल पाहावे. स्वस्त पांढरी वाइन दोन वर्षांच्या आतली असावी. जुनी तितकी चांगली, हा नियम स्वस्त बाटलीला लागू नाही.

तिसरी, दुकान पाहावे. नवी मुंबईच्या उकाड्यात वाइन लवकर बिघडते. उन्हाच्या काचेत मांडलेली, धूळ बसलेली किंवा बूच वर आलेली बाटली निम्म्या भावातही घेऊ नये. आपण तुर्भ्याच्या बाजारात फळाची पेटी उघडून पाहतो, तशीच नजर इथे ठेवावी.

चौथी, फार गोड आणि फार स्वस्त वाइन असेल तर लेबल नीट वाचावे. काहींत साखर किंवा वरून मद्यार्क घातलेला असतो. अशी वाइन गोड लागते म्हणून जास्त प्यायली जाते.

पाचवी, अंथरूण पाहून पाय पसरावेत. माणसे थोडी असतील तर 375 मिलीलिटरची लहान बाटली घ्यावी. उघडलेली बाटली बूच लावून फ्रिजमध्ये ठेवली तर तीन-चार दिवस टिकते. उधारीवर मात्र कधी आणू नये. घरी वाइन करण्याच्या फंदातही पडू नये. परवान्याशिवाय मद्य तयार करणे हा गुन्हा आहे.

आरोग्याचेही स्पष्ट सांगतो. मद्याचे कोणतेही प्रमाण सुरक्षित म्हणता येत नाही, असे जागतिक आरोग्य संघटनेने 2023 मध्ये जाहीर केले. वाइन औषधी असते, ही समजूत सोडावी. गरोदर स्त्रीने, गाडी चालवणाऱ्याने आणि ज्याला पूर्वी व्यसन होते त्याने ती घेऊच नये. पाहुण्याने नको म्हटले तर आग्रह करू नये.

शेवटची गोष्ट बागायतदारांसाठी, आणि हीच सर्वांत महत्त्वाची. शहरात वाइन खपते हे पाहून मुले म्हणतात, "आबा, आपणही वाइनची द्राक्षे लावू." घाई करू नका. थॉमसन किंवा सोनाका यांचा एक व्यापारी फिरला तर दुसरा मिळतो. तुर्भ्याला गाडी नेता येते, नाहीतर बेदाणा करता येतो. वाइनच्या जातींचे मणी लहान, साल जाड आणि आत बिया. खाण्यासाठी त्यांना गिऱ्हाईक नाही. तिथे वाइनरी हाच एक खरेदीदार. 2009 च्या सुमारास वाइनचा धंदा मंदावला तेव्हा अनेक शेतकऱ्यांचा माल पडून राहिला आणि कित्येकांनी उभ्या बागा उपटल्या.

म्हणून लेखी करार हाती आल्याशिवाय एकही वेल लावू नये. करारात भाव, गोडीचे प्रमाण, तोडणीची वेळ आणि पैसे मिळण्याची मुदत स्पष्ट असावी. बाटलीत चूक झाली तर काही शे रुपये जातात. बागेत चूक झाली तर काही वर्षे जातात.