गाडी घ्या, उचल नको!

पहिली नोकरी लागते, दोन-तीन पगार खात्यात पडतात आणि घरात एक विषय हमखास निघतो. गाडी कोणती घ्यायची? मित्र म्हणतात, घ्यायची तर दणकट घे, समोरून आली की लोक बाजूला झाले पाहिजेत. मामा म्हणतात, लग्न जमवायचंय, दारात जरा मोठी गाडी दिसू दे. शोरूमवाला तर वाटच बघत असतो. दोस्तांनो, तुमच्यापैकी बरेच जण येत्या दोन-तीन वर्षांत याच जागी उभे असणार आहेत. म्हणून आत्ताच बोलू.

आमचं म्हणणं सरळ आहे. रोज कामावर जायला आणि शहरात फिरायला गाडी हवी असेल तर छोटी, कमी पेट्रोल पिणारी घ्या. आणि तिचा हिशेब सही करण्याआधी मांडा.

बीडच्या पोरापोरींना 'उचल' म्हणजे काय हे सांगायला नको. ऊसतोडीला जाणाऱ्या जोडीला मुकादम हंगामाआधी रक्कम देतो आणि ती फिटेपर्यंत कोयता खाली ठेवता येत नाही. पैसा आधी खर्च होतो, घाम नंतर गाळावा लागतो. बँक काही मुकादमासारखी वागत नाही, हे खरं. पण पुढच्या महिन्यांची कमाई आजच विकून टाकायची, हे दोन्हीकडे सारखंच. साहेब त्रास देतोय तरी नोकरी सोडता येत नाही. एक वर्ष काढून एमपीएससीचा अभ्यास करू म्हटलं तर हप्ता आडवा येतो. ज्या घरांनी उचल फेडण्यात पिढ्या घालवल्या, त्या घरातल्या शिकलेल्या लेकरानं पहिल्याच पगाराला ती पुन्हा बांधून घ्यावी का?

आकडे बघा. ५ लाखांचं कर्ज १० टक्के व्याजानं ५ वर्षांसाठी घेतलं तर हप्ता साधारण १०,६०० रुपये बसतो. मुदत ७ वर्षांची केली की तो ८,३०० वर येतो आणि आपण खूश होतो. पण एकूण व्याज १ लाख ३७ हजारांवरून जवळपास १ लाख ९७ हजारांवर जातं. म्हणजे हप्ता हलका वाटावा म्हणून साठ हजार जादा मोजायचे. मोठ्या गाडीसाठी १२ लाखांचं कर्ज काढलं तर ५ वर्षांचा हप्ता साडेपंचवीस हजारांच्या आसपास. पहिला पगार किती असतो, ते तुम्हीच आठवा.

हप्ता संपतो तरी, पेट्रोल संपत नाही. समजा तुम्ही परळीला राहता आणि कामाला अंबाजोगाईला जाता. जाऊन-येऊन साधारण ५० किलोमीटर, महिन्याचे २४ दिवस, म्हणजे १,२०० किलोमीटर. पेट्रोल लिटरला १०५ रुपये धरलं तर २० चं ॲव्हरेज देणाऱ्या गाडीला महिन्याला ६,३०० रुपये लागतात. १२ चं देणारीला १०,५०० रुपये. फरक ४,२०० रुपयांचा, वर्षाला पन्नास हजारांवर. तेवढ्यात धाकट्या बहिणीची फी निघते.

इथं एक गोष्ट लक्षात ठेवा. जाहिरातीतलं ॲव्हरेज आणि रस्त्यावरचं ॲव्हरेज वेगळं असतं. पुण्यातल्या एआरएआयसारख्या अधिकृत चाचणी संस्थांमध्ये गाडी रोलरवर, ठरलेल्या वेगानं चालवून तो आकडा काढतात. तिथं ना खड्डा असतो, ना सुभाष रोडवरची गर्दी, ना मे महिन्यातला एसी. शिवाय आपल्याच उसापासून बनणारं इथेनॉल आता पेट्रोलमध्ये २० टक्क्यांपर्यंत असतं. त्यात ऊर्जा पेट्रोलपेक्षा कमी, त्यामुळे ॲव्हरेज थोडं उतरतं. म्हणून तीच गाडी वर्षभर वापरलेल्या दोघा-तिघांना विचारा आणि त्यांनी सांगितलेला आकडा धरा.

किंमतही ऑन-रोडच विचारा. महाराष्ट्रात दहा लाखांच्या आतल्या पेट्रोल गाडीला ११ टक्के रस्ता कर आहे. नव्या गाडीला तीन वर्षांचा थर्ड पार्टी विमा सुरुवातीलाच भरावा लागतो. छोट्या गाडीला एक फायदाही आहे. लांबी चार मीटरच्या आत आणि पेट्रोल इंजिन १२०० सीसीपर्यंत असेल तर २२ सप्टेंबर २०२५ पासून जीएसटी २८ वरून १८ टक्क्यांवर आला आहे. मोठ्या गाड्यांना तो ४० टक्के आहे.

पुण्याला किंवा संभाजीनगरला नोकरी लागली तर छोटी गाडी आणखीच कामाची. ऑल्टो के१० ची लांबी ३.५३ मीटर, स्कॉर्पिओ-एन ची ४.६६ मीटर. एक मीटरहून जास्त फरक. पेठेतल्या गल्लीत गाडी लावायला जागा शोधताना त्या एका मीटरची किंमत कळते.

छोटी म्हणजे कमी सुरक्षित, असं अनेकांना वाटतं. ही भीती उगीच नाही. ग्लोबल एनकॅपच्या २०२३ च्या चाचणीत वॅगन-आरला मोठ्यांच्या सुरक्षेसाठी एकच तारा मिळाला होता. पण चार मीटरच्या आतल्याच डिझायरला २०२४ मध्ये पाच तारे मिळाले. म्हणजे नुसत्या आकारावर सगळं ठरत नाही. धुळे-सोलापूर महामार्गावर रोज जायचं असेल तर सनरूफ आणि मोठ्या स्क्रीनवरचे पैसे वाचवा, तारे आणि एअरबॅगवर वाचवू नका. आणि सीटबेल्ट लावा, मागे बसणाऱ्यांनीसुद्धा.

बजेट फारच कमी असेल तर तीन-चार वर्षं वापरलेली गाडी वाईट नाही. शक्यतो २०२२ नंतर तयार झालेली बघा, कारण पुढच्या दोन्ही सीटना एअरबॅग तोपर्यंत सक्तीच्या झाल्या होत्या. ओळखीच्या मेकॅनिकला सोबत न्या. आरसीवर बँकेचा बोजा आहे का, ते तपासा. असेल तर बँकेची एनओसी मिळाल्याशिवाय पैसे देऊ नका. गाडी आरटीओत नावावर करून घ्या, विमाही. 'नंतर करू' म्हणणाऱ्याकडून घेऊच नका.

मग एवढं सगळं कळत असूनही आपण मोठ्या गाडीकडे का ओढले जातो? कारण आपल्याकडे गाडी बघून माणसाचं वजन ठरवतात. टाटांच्या नॅनोचं काय झालं ते आठवा. स्कूटरवर चौघं जाणाऱ्या कुटुंबासाठी २००९ मध्ये लाखभर रुपयांत आणलेली ती गाडी दहा वर्षंही नीट चालली नाही. कारणं बरीच होती, पण 'सगळ्यात स्वस्त' हा शिक्का तिला भोवला, हे रतन टाटांनीही मान्य केलं होतं. स्वस्तातली गाडी दारात लावायची लोकांना लाज वाटली. पुढाऱ्यांच्या ताफ्यातल्या गाड्या बघत मोठे होणाऱ्या आपल्या पोरांना तर ती जास्तच वाटते. पण ताफ्यातल्या गाडीचा हप्ता कोण भरतो, हे कधी विचारलंय का? तुमचा मात्र तुम्हालाच भरायचा आहे.

आणि गाडी लागतेच, असंही नाही. महिन्यातून चार वेळा गावी जायचं असेल तर एसटी आहे. महिलांना १७ मार्च २०२३ पासून तिचं तिकीट अर्धंच आहे. १७ सप्टेंबर २०२५ पासून बीडहून अहिल्यानगरला रेल्वेही धावू लागली आहे.

तेव्हा शोरूमला जाण्याआधी एक महिना वहीत लिहा. रोज किती किलोमीटर फिरलो, सोबत किती जण होते, किती पैसे गेले. वहीत बहुतेक दिवशी एकटे तुम्हीच दिसलात, तर सात सीटची गाडी नेमकी कोणासाठी घ्यायची, हे मामांना विचारा.