माकडाला लाभलेली चूक आणि आपली गोळी

ऊसतोडीला निघालेला एक रुग्ण मध्यंतरी म्हणाला, "डॉक्टरसाहेब, दोन वर्षं झाली, काही त्रास नाही. माझी प्रतिकारशक्ती भारी दिसते. गोळ्या बंद करू का?" गोळ्या एचआयव्हीच्या. मी 'नको' म्हणालो. पण ही शक्ती येते कुठून, हे सांगायचं राहिलं.

दक्षिण अमेरिकेतल्या घुबड-माकडाच्या पेशीत एचआयव्ही-१ शिरला तरी टिकत नाही. कारण उलगडलं २००४ मध्ये. पेशीत 'ट्रिम-५' हे प्रथिन पहारेकऱ्यासारखं असतं. विषाणूचं कवच ओळखून ते त्याला अडवतं. या माकडाच्या पूर्वजात 'सायक्लोफिलिन' या दुसऱ्याच जनुकाच्या आरएनए नकलेपासून उलट डीएनए तयार झाला आणि ट्रिम-५ च्या जनुकात जाऊन बसला. एका शेताचा सातबारा चुकून दुसऱ्याच फाइलला जोडला जावा, तसं. सायक्लोफिलिनला एचआयव्हीचं कवच नेमकं चिकटतं. पहारेकऱ्याला नवा हात फुटला! आरएनएपासून डीएनए करण्याची ही युक्ती एचआयव्हीही वापरतो, हे विशेष.

अशीच जोडणी आशियातल्या मकाक माकडांत स्वतंत्रपणे घडल्याचं २००८ मध्ये दिसलं. आपल्याकडच्या लालतोंड्या माकडांपैकीही काहींत ती आहे. पण ती एचआयव्ही-२ ला अडवते, एचआयव्ही-१ ला नाही. भारतात आढळतो तो मुख्यतः एचआयव्ही-१. माणसाला तर हे जोडजनुक मिळालेलंच नाही. आपला ट्रिम-५ या विषाणूपुढे दुबळा पडतो.

म्हणजे अशी ताकद अपघातानं येते आणि पिढ्यान्‌पिढ्या निवडीतून टिकते. ती काढ्यातून किंवा 'इम्युनिटी'च्या बाटलीतून येत नाही. त्या रुग्णाला बरं वाटत होतं ते गोळ्यांमुळेच. त्या थांबल्या की दबलेला विषाणू पुन्हा वाढतो.

योगायोग असा, की २००४ मध्येच सरकारनं या गोळ्या मोफत द्यायला सुरुवात केली. माकडाला चुकीनं मिळालं ते आपण अभ्यासानं मिळवलं. ते फडावर जाताना तुटू नये. माझं स्पष्ट मत आहे: दसऱ्याआधीच केंद्रानं प्रत्येक ऊसतोड रुग्णाला "कधी निघणार, कुठं जाणार?" हे विचारावं. रुग्णानंही आपणहून सांगावं. जास्त दिवसांच्या गोळ्या किंवा तिकडच्या केंद्रात नाव वर्ग करण्याची सोय होऊ शकते. मुकादमाला काहीही सांगण्याची गरज नाही. कोयत्यासोबत गोळ्यांची डबी बांधा, एवढंच.