संगणक घ्यायचा, पण कोणता?



बैल घेताना आपण दात पाहतो, चाल पाहतो आणि आपली जमीन हलकी की भारी, याचाही विचार करतो. संगणक घेतानाही तसेच करावे. मुलांचे शिक्षण, दुधाचा हिशोब, बचत गटाच्या नोंदी यांसाठी आता गावोगावी संगणक येत आहेत. टेबलावरचा डेस्कटॉप घ्यावा, की उचलून नेता येणारा लॅपटॉप?

आधी गावची वीज पाहा. वीज गेली की डेस्कटॉप तत्काळ बंद पडतो. म्हणून त्याच्याबरोबर यूपीएस घ्यावाच लागतो. साधा यूपीएस दहा-पंधरा मिनिटे टिकतो. तेवढ्यात काम जतन करून संगणक नीट बंद करायचा. लॅपटॉपची बॅटरी चांगली असेल, तर तीन-चार तास काम निघते. त्याच्या चार्जरवर बहुधा १०० ते २४० व्होल्ट असे छापलेले असते. म्हणजे शिवारातल्या मोटारी सुरू होऊन व्होल्टेज उतरले, तरी तो चालतो.

आता बिलाचा हिशोब करू. लॅपटॉपला ५० वॉट आणि पडद्यासह डेस्कटॉपला १५० वॉट धरा. रोज चार तास वापर केला, तर तीस दिवसांत लॅपटॉप ६ युनिट खातो, डेस्कटॉप १८.

मग डेस्कटॉप घ्यायचाच नाही का? तसे नाही. दुरुस्तीला तोच सोपा. कीबोर्ड बिघडला, कीबोर्ड बदला. पडदा गेला, पडदा बदला. बाकीचे यंत्र तसेच राहते. लॅपटॉपमध्ये सगळे एकाच डब्यात असते. तो हातातून पडून पडदा फुटला, तर मोठा खर्च येतो. तीन-चार वर्षांत त्याची बॅटरीही थकते.

तेव्हा काम पाहून ठरवा. दूध संकलन केंद्र, दुकान किंवा गटाचे दप्तर एकाच जागी चालत असेल, तर डेस्कटॉप घ्या. मुलगा-मुलगी शिकायला तालुक्याला वसतिगृहात राहणार असेल, तर लॅपटॉपच घ्या. फक्त सातबारा आणि बाजारभाव पाहायचे असतील, तर घरातला मोबाइल पुरे. उगाच खर्च करू नका.

जुना संगणक स्वस्तात मिळत असेल, तर त्यावर विंडोज ११ चालते का, ते आधी विचारा. विंडोज १० ची नेहमीची मोफत सुरक्षा सुधारणा १४ ऑक्टोबर २०२५ रोजी थांबली आहे. पक्के बिल आणि हमीचा कागद घेतल्याशिवाय पैसे देऊ नका.

घरी आणल्यावर आधी अर्थिंग तपासून घ्या. वीज कडाडू लागली की प्लग काढून ठेवा. धान्याच्या पोत्यांजवळ किंवा चुलीजवळ यंत्र ठेवू नका. धूळ आणि धूर आत बसला की ते तापते.

एक गोष्ट मात्र आवर्जून सांगतो. पीककर्जाचे पैसे बियाण्या-खतासाठी असतात. त्यातून संगणक आणाल, तर पेरणीच्या वेळी सावकाराचे दार वाजवावे लागेल. माल विकून, देणी फेडून हातात चार पैसे उरले, की मगच दुकानाची पायरी चढा. आणि घरात यंत्र आले की मुलाइतकाच वेळ मुलीलाही त्यावर बसू द्या.