बॅरेटला तेल सापडलं

परवा रात्री 'फायनल फँटसी सेव्हन : ॲडव्हेंट चिल्ड्रन' पुन्हा पाहिला. कितव्यांदा ते विचारू नका. 1997 च्या प्लेस्टेशन गेमची दोन वर्षांनंतरची गोष्ट सांगणारा हा ॲनिमेशनपट जपानमध्ये 2005 साली डीव्हीडीवर आला.

पहिल्यांदा पाहिला तेव्हा वेडा झालो होतो. गेममध्ये ठोकळ्यासारखे हात असलेला क्लाउड इथे मोटरसायकलवरून तलवारी चालवतो, केसन् केस दिसतो. मारामारी अजूनही आवडते, खोटं कशाला बोलू?

पण माझं भांडण वेगळंच आहे.

गेम कशाबद्दल होता? सेफिरोथबद्दल, असं बहुतेक जण सांगतील. माझ्यासाठी तो शिन्रा नावाच्या वीज कंपनीबद्दल होता. ग्रहाच्या पोटातली माको उपसायची, तिची वीज करायची. वर मिडगारचा झगमगाट आणि खालच्या झोपडपट्टीला आकाशच नाही. मी चंद्रपूरजवळ दुर्गापूरला वाढलो. एकीकडे कोळशाची खुली खदान, दुसरीकडे औष्णिक वीज केंद्राच्या चिमण्या. त्यामुळे मिडगार मला परकं वाटलंच नाही. 2009 मध्ये केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने देशातल्या औद्योगिक पट्ट्यांचा प्रदूषण निर्देशांक काढला, त्यात चंद्रपूर चौथं. 83.88 गुण! शाळेत मला एवढे कधी पडले नाहीत.

आणि म्हणूनच माझा हिरो क्लाउड नाही, बॅरेट. तो कोळशाच्या गावचा. माको आल्यावर कोळसा कोण घेणार, म्हणून गावात रिॲक्टर आणायच्या बाजूने तोच बोलला. मित्र डाइन विरोधात होता. पुढे रिॲक्टरमध्ये स्फोट झाला आणि शिन्राने गावच जाळलं. डाइनची पोर, मार्लीन, बॅरेटने वाढवली. गडचिरोलीत सुरजागडच्या लोहखनिजावरून रोजगार की जंगल हा वाद वाचताना मला हे दोघं आठवतात.

सिनेमात बॅरेटच्या वाट्याला काय आलं? एक फोनवरचा निरोप. तेलाच्या साठ्याची पाहणी झाली, एवढा मोठा साठा आजवर पाहिला नव्हता, आता मार्लीनला भेटायला येतो. मग शेवटाकडे येऊन थोडा गोळीबार. बस्स.

आधी हसलो, मग चिडलो. माको गेली, तेल आलं! पण लोकांना रात्री दिवा तर लागणारच ना? माझी कॉलेजची फी कोळशातून आली. बॅरेट चुकला असं मी कोणत्या तोंडाने म्हणू? राग त्याच्यावर नाही. त्या एका वाक्यात अख्खा सिनेमा होता, आणि तो यांनी निरोपातच उरकला, याचा आहे.

त्याऐवजी काय दिलं, तर जिओस्टिग्मा. पोरांच्या अंगावर काळे डाग, आणि शेवटी एअरिथच्या पावसाने ते धुऊन निघतात. प्रसंग सुंदर आहे, माझे डोळे दर वेळी भरतात. पण आमच्याकडे पहिला पाऊस पडला की पत्र्यावरून काळं पाणी यायचं, म्हणून असेल, ते इतकं स्वच्छ होणं मला पटत नाही. 2009 ला 'कंप्लीट' नावाने वीसपंचवीस मिनिटं वाढवली. डेंझेलची गोष्ट भरली, तेलाची तशीच राहिली.

असो. परवा बाबा शेजारी बसले होते. तीस वर्षं खदानीत काढून रिटायर झालेत, गेमबिम काही माहीत नाही. 'काय पाहून रायला बे?' म्हणाले, आणि बसले. सिनेमा संपल्यावर मी त्यांना बॅरेटची सगळी कथा सांगितली, अगदी तेलापर्यंत.

ते थोडा वेळ गप्प बसले. मग म्हणाले, 'मंग त्याच्या गावची खदान चालू झाली का नाई?'

मला सांगता आलं नाही.